शेवटची सात मिनिटं

लाँगप्ले रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-एकवीस मिनिटं मावतात. त्याहून जास्त कोंबली की आवाज पातळ होतो. दोन्ही बाजू मिळून एकेचाळीस धरा. चार माणसांचा सगळा हेवा या एकेचाळीस मिनिटांत बसवावा लागतो. तो कसा बसतो ते मी पाहिलंय, कारण मी ड्रम वाजवतो आणि मोजणं हाच माझा धंदा आहे. माझ्याकडे एक निळी वही होती. तिच्यात गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि पुढे मिनिटं लिहायची, एवढाच माझा उद्योग. नेव्हिल रोज सकाळी दात घासायच्या आधी ती वही बघून जायचा.

नेव्हिल ॲस्क्यू म्हणजे आमच्या 'कॉपर अल्मनॅक' बँडचा गायक, गिटारवाला आणि मालक. मालक असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण त्याच्याशी पाच मिनिटं बोललं की कळायचं. लंडनच्या तळघरांतल्या क्लबांत आम्ही दोन वर्षं बऱ्यापैकी गाजलो होतो. मागे पडद्यावर रंगीत तेलाचे बुडबुडे, पुढे काळ्या मखमली कोटात नेव्हिल, आणि कपडे धुवायच्या मशीनमध्ये मांजर पडावं तसा त्याच्या गिटारचा आवाज. लोक डोळे मिटून डुलायचे. मग सत्तर साल उजाडलं आणि त्याच लोकांना एकदम मातीची, पणज्या-खापरपणज्यांच्या गाण्यांची ओढ लागली. कंपनीचा माणूस म्हणाला, "हल्ली सगळे खेड्यात चाललेत. तुम्हीही जा." म्हणून एप्रिलमध्ये आम्ही सफोकमधल्या वेक्समियर गावी, पाद्र्याच्या रिकाम्या पडलेल्या घरात, आठ आठवड्यांसाठी येऊन पडलो. आणि जुनी गाणी येणारं कोणीतरी हवं म्हणून हेस्टर माल्किनला बरोबर घेतलं.

हेस्टर ग्रिम्स्बीची. बावीस वर्षांची, कोपरावर रफू केलेला स्वेटर, काखोटीला फिडल. गाताना ती काहीच करायची नाही. हातवारे नाहीत, मान वेळावणं नाही. नुसती उभी राहायची आणि गाणं तिच्या तोंडातून बाहेर पडायचं, जणू तिचा त्याच्याशी संबंध नाही. तिला दोन गाण्यांसाठी आणली होती. वहीत पहिल्या आठवड्याची नोंद आहे: नेव्हिल तेहेतीस मिनिटं, हेस्टर आठ.

चौथ्या आठवड्यात मांडणी अशी होती: नेव्हिल सतरा, हेस्टर सतरा, आणि शेवटची सात मिनिटं रिकामी.

हे कसं झालं म्हणाल, तर भांडण न होता झालं. नेव्हिलचं एखादं गाणं वाजवून बघायचं, सगळ्यांनी खिडकीबाहेर बघायचं, मग आमचा बेसवाला गॉर्डन, जो त्या उन्हाळ्यात एवढं एकच वाक्य बोलला, तो म्हणायचा, "हेस्टरचं ते वालं वाजवू या का?" नेव्हिल म्हणायचा, "वाजवा की. मला काय!" आणि ज्या माणसाला काही वाटत नसतं तो असं दार आपटून बाहेर जात नाही.

शेवटची सात मिनिटं म्हणजे दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. रेकॉर्ड कोणाची, हे त्या गाण्यावर ठरतं. सुई उचलताना माणसाच्या कानात जो आवाज राहतो, तो बँडचा आवाज. नेव्हिलला ते ठाऊक होतं. त्याने काढलेला बँड, त्याने ठेवलेलं नाव, आणि शेवटचा आवाज ग्रिम्स्बीच्या पोरीचा? वहीतल्या त्या रिकाम्या ओळीकडे तो मोठ्या बहिणीच्या ताटाकडे बघणाऱ्या भावासारखा बघायचा.

आणि खरं सांगायचं तर मीही बघायचो. नेव्हिलच्या प्रत्येक गाण्यात मी पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत. हेस्टरच्या पहिल्या गाण्यात ती म्हणाली, "बार्नी, जरा ब्रशने वाजवशील?" दुसऱ्यात, "नुसतं टॅम्बोरिन चालेल का?" पाचव्यात, "तू हे ऐक फक्त." गोड बोलायची, त्यामुळे रागावताही यायचं नाही. तिची मिनिटं वाढली की माझी घटायची. हा हिशोब मी वहीत लिहीत नव्हतो. डोक्यात होता.

आता पर्सी स्माय.

गावात 'गव्हाची पेंढी' नावाचा पब होता. रविवारी बारा ते दोन, घरोघरी भट्टीत मांस भाजत असायचं तेव्हा पुरुषमंडळी तिथे गायला जमायची. चाळीसेक जण असायचे, सगळे टोप्या घातलेले. एली व्हिनकॉप हे अध्यक्ष. समोरच्या चर्चची घंटाही तेच वाजवायचे. हातात लाकडी हातोडी, ती टेबलावर आपटून ते ओरडायचे, "मंडळी, शिस्त! गाणारा उभा राहतोय!" की माशी हलायची नाही. तिथे प्रत्येक गाण्याला धनी होता. लोहाराचं गाणं लोहारानेच म्हणायचं. दुसऱ्या कोणाला ते अख्खं पाठ असलं तरी त्याने म्हणायचं नाही. धन्याला वाटलं तर त्याने सगळ्यांदेखत उठून सांगायचं, "हे आजपासून अमक्याचं," आणि मग स्वतः ते जन्मात पुन्हा म्हणायचं नाही.

पर्सी स्माय अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, जन्मभर घोड्याच्या नांगरामागे चाललेला माणूस. त्याचं गाणं सगळ्यांत शेवटी. 'चरातली अंगठी' म्हणायचे त्याला. अकरा कडवी, सात मिनिटं. एक नांगऱ्या आपल्या प्रेमाच्या मुलीला अंगठी देतो. मुलगी ती हरवते, कुठे पडली माहीत नाही म्हणते. वसंतात हा शेजाऱ्याचं शेत नांगरायला जातो, तर नांगराच्या चरातून अंगठी वर येते. पुढचं पुढे सांगतो. पहिल्या रविवारी हेस्टर आणि मी ऐकून बाहेर आलो तेव्हा ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, "बार्नी, शेवटची सात मिनिटं हीच."

नेव्हिलने ते ऐकलंच नव्हतं. तोही आला होता त्या रविवारी, मखमली कोट घालून. पण त्याला कोणी ओळखलं नाही. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "तुम्ही पियानोची दुरुस्ती करता ना?" नेव्हिल अर्धा ग्लास ठेवून निघून आला. त्यानंतर, "थेरड्यांची रडगाणी" म्हणून तो पबकडे फिरकला नाही.

हेस्टर मात्र रोज दुपारी पर्सीच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. पहिले चार दिवस नुसते बटाटे सोलून दिले, मग तो रोज एक कडवं शिकवू लागला. चौथ्या दिवशी नेव्हिलने मला विचारलं, "ही रोज जाते कुठे?"

"पर्सीकडे."

"कशाला?"

"बटाटे सोलायला."

"बार्नी, चेष्टा नको. गाणं शिकतेय ना ती? शेवटचं?"

मी म्हणालो, "सात मिनिटांचं आहे." एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून नेव्हिल पर्सीच्या परसात, खिडकीखाली, पाण्याच्या पिंपामागे बसू लागला. पंचवीस वर्षांचा माणूस, ज्याची पोस्टर लोकांच्या भिंतीवर होती, तो मांडीवर कागद घेऊन पिंपामागे उकिडवा. आठ कडवी त्याने अशी मिळवली. नवव्या-दहाव्याच्या दिवशी शेजारच्या बग आजी धुणं वाळत घालायला बाहेर आल्या आणि "कोण रे तिकडे?" म्हणाल्या, तेव्हा हा कुंपणावरून पळाला. पुढच्या वेळी गेला तेव्हा अकरावं चाललं होतं. म्हणजे त्याच्याकडे नऊ कडवी झाली. दोन बग आजींनी खाल्ली.

त्या नऊ कडव्यांतली गोष्ट त्याला फार आवडली. अंगठी परक्याच्या शेतात सापडते, नांगऱ्या एक शब्द न बोलता घर सोडतो, शेवटच्या कडव्यात तो समुद्रावर आहे आणि इकडे शेत पडीक. माडीवर गिटार घेऊन रात्रंदिवस तेच चाललं होतं. मला म्हणाला, "त्याचं बरोबरच होतं, बार्नी. जो पुढे जातो त्याचं असंच होतं. जवळचीच माणसं." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि गाणं तो म्हणायचाही चांगलं. चौथ्या कडव्यापासून मी वाजवू लागलो की काय चढायचं ते! मोठा ड्रम, नांगराच्या पावलांसारखा. मनात म्हटलं, सात मिनिटं आणि सगळी माझी.

तेवढ्यात पर्सी छातीच्या दुखण्याने आडवा झाला. आठवडाभर अंथरुणात. शनिवारी गावाने डॉक्टरांची मोटार त्याच्या दारात पाहिली. हेस्टर त्याच्या उशाशीच बसून असायची.

शनिवारी संध्याकाळी जेवताना नेव्हिलने मला सहज विचारावं तसं विचारलं, "उद्या तो म्हातारा पबात नसणार. मग त्याचं गाणं मोकळंच झालं ना? म्हणजे, धनी नसला तर कोणी म्हटलं तरी चालतं?"

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. पहिल्याच आठवड्यात मी व्हिनकॉपना हे सगळं खोदून विचारलं होतं. मला नियम माहीत करून घ्यायची सवय आहे. त्यांनी सांगितलं होतं की धनी गैरहजर असला तर त्याच्या पाळीला सगळे गप्प बसतात आणि पाळी पुढे जाते. गैरहजर माणसाचं गाणं फक्त एकदाच म्हणतात. तो गेला की. मृत्यूची बातमी त्या पबात तोंडाने सांगत नाहीत. जो निरोप घेऊन येतो तो उभा राहतो आणि गेलेल्याचं गाणं म्हणतो. आणि मग ते गाणं त्याचं होतं.

नेव्हिल काटा हातात धरून माझ्याकडे बघत होता.

"असेल," मी म्हणालो आणि मीठ मागितलं.

रविवारी पबात मी दारापासून लांबच्या बाकावर बसलो. एक वाजून चाळीस मिनिटांनी पर्सीची पाळी आली. त्याची खुर्ची रिकामी. सगळे गप्प झाले, आणि त्या शांततेत दार उघडून नेव्हिल आत आला. तुम्ही गावकऱ्यांच्या जागी उभं राहून बघा म्हणजे त्यांना दोष देणार नाही. काल डॉक्टर येऊन गेलेले. म्हाताऱ्यापाशी बसणारी मुलगी आलेली नाही, म्हणजे ती तिथेच थांबली असणार. तिच्याबरोबर एकाच घरात राहणारा हा तरुण काळ्या कोटात येतो, डोक्यावर टोपी नाही, कोणाकडे न बघता खोलीच्या मध्यभागी जातो आणि डोळे मिटून पर्सी स्मायचं गाणं सुरू करतो.

दुसऱ्या ओळीला व्हिनकॉप उभे राहिले. त्यांनी टोपी काढली. मग लोहार. मग एकेक करत चाळीस माणसं उभी राहिली. टोप्या छातीशी. बारमागची बाईसुद्धा ग्लास पुसायची थांबली. नेव्हिलने पाचव्या कडव्याला डोळे उघडले आणि हे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. लंडनमध्ये लोक किंचाळले होते, पण कोणी त्याच्यासाठी उभं राहून टोपी काढली नव्हती. त्याचा आवाज कापायला लागला आणि त्याने गाणं जास्तच चांगलं झालं. आठव्यावरून तो सरळ अकराव्यावर गेला. कोणी काही म्हणालं नाही. दुःखात माणूस कडवी विसरतो.

गाणं संपलं. टाळ्या नाहीत. लोहार पुढे आला, नेव्हिलचा हात दोन्ही हातांत घेतला. "फार छान म्हटलंत. त्याला आवडलं असतं." मग दुसरा आला. मग तिसरा. नेव्हिल प्रत्येकाला मान लववून, "तुमचं प्रेम, तुमचं प्रेम," म्हणत होता. व्हिनकॉप हातोडी खिशात घालून रस्ता ओलांडून गेले होते.

चर्चची घंटा सुरू झाली. तीन ठोके, थांबून तीन, थांबून तीन. म्हणजे पुरुष गेला. मग गेलेल्याच्या वयाइतके ठोके, एकेक, सावकाश.

नेव्हिल माझ्या बाकाशी आला, घामेजलेला, चमकणारा. "पाहिलंस ना? पाहिलंस? या लोकांना कळतं, बार्नी. हेस्टरला कधी कोणी असा हात दिलाय? कधीच नाही!" मग थांबून, "घंटा कशाची?"

"रविवार आहे," मी म्हणालो.

मी मोजत होतो. न मोजून कसं चालेल! तीसपर्यंत नेव्हिल दुसऱ्या ग्लासाकडे वळला होता. पन्नासपर्यंत खोलीतल्या दोघांनी डोळे पुसले. एकसष्टावा ठोका किंचित लवकर पडला. अठ्ठ्याहत्तरावर घंटा थांबली, आणि त्या शांततेत रस्त्यावरून काठीचा आवाज ऐकू आला.

दार उघडलं. रात्रीच्या पायघोळ सदऱ्यावर ओव्हरकोट, पायात बंद न बांधलेले बूट, आणि मागून मफलर घेऊन धावत आलेली हेस्टर. पर्सी स्माय दारात उभा राहून धापा टाकत होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

लोहार एक पाऊल मागे सरकला.

"अरे, कोण गेलं? अठ्ठ्याहत्तर मोजले मी. पुरुष, अठ्ठ्याहत्तर. अख्ख्या गावात अठ्ठ्याहत्तरचा मी एकटा आहे. बगबाई एकोणऐंशीची आणि ती बाई आहे!"

"मिस्टर स्माय, तुम्ही आधी बसा बघू," हेस्टर म्हणाली.

"बसतो, पोरी. आधी कळू तर दे मी बसायचं की आडवं व्हायचं."

एवढ्यात व्हिनकॉप घंटा वाजवून परत आले आणि पर्सीच्या पाठीशी येऊन थबकले. पर्सी वळला. दोघं शाळेपासूनचे मित्र.

"एली, मला वाजवलंस होय रे?"

व्हिनकॉप म्हणाले, "वाजवलं, पर्सी. कसं झालं?"

"एकसष्टावा घाईत गेला."

"हात घसरला."

मग पर्सीने खोलीकडे पाहिलं. टोप्या काढलेली माणसं. मधोमध बियरचा ग्लास घेऊन उभा असलेला नेव्हिल. त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. आणि आता नेव्हिललाही पडली नाही. त्याच्या तोंडावरची चमक उतरताना मी पाहिली. पाणी टाकीतून उतरतं तशी, गुळण्या करत.

"मला माहीत नव्हतं, मिस्टर स्माय. शपथ सांगतो. मला वाटलं, तुम्ही नाही आहात तर..."

"कसं माहीत असणार, बाबा! तू बाहेरचा. सांगणारं कोणी भेटलं नसेल." हे म्हणताना म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी बुटाचे बंद बघत होतो. "असो. घंटा झाली. गाणं तुझं झालं. आता मी ते म्हणू शकत नाही आणि दुसऱ्या कोणाला देऊही शकत नाही. मेलेला माणूस काय देणार! एली, माझ्या मयताची बियर तरी मिळेल का?"

हेस्टर नेव्हिलशी एक शब्द बोलली नाही. नऊ-दहा दिवस बोलली नाही. त्याने तिच्याकडून पळवलेलं तिला परत देणं आता पर्सीच्याही हातात नव्हतं.

वहीत नेव्हिलने स्वतःच्या हाताने लिहिलं: 'चरातली अंगठी', नेव्हिल, सात. एकूण चोवीस. जिंकला होता. पण एक अडचण होती. गाण्याच्या धन्याने दर रविवारी पाळी आली की गायचं असतं. व्हिनकॉप स्वतः पाद्र्याच्या घरी येऊन सांगून गेले. "पर्सीच्या खुर्चीवर बसायचं हं. ती तुमची."

पुढच्या रविवारी तो गेला. आठवं कडवं संपवून अकराव्याला तोंड उघडलं, तेवढ्यात व्हिनकॉपनी हातोडी वर धरली. थांब. दुःखाची सवलत एकदाच. गाणं आपल्या लांबीचंच व्हायला हवं. चाळीस माणसांनी एकदम ग्लास उचलले, दोन कडव्यांना लागतो तेवढा वेळ सावकाश प्यायले आणि ठेवले. मी मोजलं, अचूक. ग्लासांच्या कडेला सगळ्यांचे ओठ हलत होते. सगळ्यांना ती दोन कडवी येत होती. लोहाराला, बारमागच्या बाईला, कोपऱ्यात बसलेल्या 'मयत' पर्सीला. सांगणार मात्र कोणी नव्हतं, कारण गाणं नेव्हिलचं. मग हातोडी खाली आली आणि त्याने अकरावं म्हटलं.

घरी येताना तो मला म्हणाला, "त्या कडव्यांत काय आहे?"

"मला शब्द लक्षात राहत नाहीत." हे अर्धं खरं होतं.

त्याने पर्सीला विचारलं. पर्सी म्हणाला, "आठवत नाही, बाबा. मी वारलो ना." त्याने हेस्टरला विचारलं. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "तुझं गाणं आहे. मी कशी सांगणार?"

"पण तुला येतात ना!"

"येत होती."

मग त्याने स्वतः दोन कडवी रचली. त्यांत मुलगी शेजाऱ्याच्या मुलाबरोबर चांदण्यात शेतात असते. तिसऱ्या रविवारी ती त्याने म्हटली. चाळीस माणसं ग्लासात बघत राहिली, ताटात केस सापडल्यावर पाहुण्याने बघावं तशी. त्या दिवशी नेव्हिल जेवला नाही. मला तो हेवा कळत होता. पूर्वी त्याला एका मुलीचा हेवा वाटायचा, आता अख्ख्या गावाचा. दूधवाला शीळ घालत गेला तरी हा खिडकीशी धावायचा, त्यात ती दोन कडवी असतील म्हणून.

आठवा आठवडा आला. सोमवारी लंडनहून टेपची मशीन घेऊन इंजिनियर यायचा होता. रविवारी पबात नेव्हिलची पाळी आली. तो उठला. गाणं सुरू करेना. व्हिनकॉपनी हातोडी आपटली, "मंडळी, शिस्त!" मग तो भिंतीकडे बघत म्हणाला, "हे हेस्टरचं."

"मोठ्याने," व्हिनकॉप म्हणाले.

"हे गाणं आजपासून हेस्टर माल्किनचं!" ओरडलाच तो. आणि खाली बसून तिला हळूच, पण मला ऐकू जाईल असं म्हणाला, "आता म्हण. सगळी अकरा म्हण."

ती उभी राहिली आणि नेहमीसारखी काहीच न करता गायली. नववं आलं. मुलगी सांगते: त्या हिवाळ्यात घरात पाव थोडा होता. मी माझा वाटाही तुझ्या फडक्यात बांधत होते आणि शेजाऱ्याच्या शेतातून आडवाटेने रोज तुझ्यापर्यंत आणत होते. दहावं: माझी बोटं इतकी वाळली की अंगठी कधी गळली मला कळलं नाही. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मग अकरावं, समुद्र आणि पडीक शेत.

नेव्हिलने गुडघ्यावर कोपर टेकून तोंड झाकून घेतलं होतं. पाच आठवडे तो ज्या माणसाच्या बाजूने रडत होता, तो माणूस गाढव निघाला. गाणं संपल्यावर तो मागच्या अंगणात गेला, पिंपांपाशी बराच वेळ उभा राहिला आणि परत येऊन हेस्टरला म्हणाला, "दहाव्यात श्वास चुकीच्या जागी घेतेस."

"कुठे?"

"'वाळली'च्या आधी घे. नंतर नको."

ती विचार करून म्हणाली, "हो रे. खरंच." साधूबिधू झाला नव्हता तो. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर पुढे कोण उभं राहणार यावरून दोघं तासभर भांडलेच. पण भांडत होते, म्हणजे बोलत होते.

सोमवारी पाद्र्याच्या जेवणघरात माईक लागले. पर्सीलाही आणून खुर्चीत बसवलं होतं. मी ड्रमवर बसून मोठ्या ड्रमचं पेडल तपासत होतो. म्हटलं, निदान शेवटच्या तीन कडव्यांत, पावलांसारखं, हळू. नेव्हिलने गिटार खाली ठेवली आणि म्हणाला, "हिला एकटीला गाऊ दे. गिटार नको. ड्रमही नकोत." नेव्हिल म्हणाला हे! ज्याच्यासाठी मी 'असेल' म्हटलं होतं, तो. हेस्टर त्याच्याकडे बघून हसली. मी उठून पर्सीशेजारच्या जुन्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसलो. हेस्टर चोवीस, नेव्हिल सतरा. माझ्या रकान्यात त्या गाण्यापुढे शून्य.

इंजिनियर रेकॉर्डिंगचा दिवा लावायला गेला, तेवढ्यात पर्सी माझ्या कानाशी वाकला.

"एलीने तुला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं म्हणे."

मी उत्तर देणार तोच लाल दिवा लागला. आता हूं की चूं करायची सोय नव्हती. हेस्टर गात होती आणि म्हातारा माझ्याकडे बघत होता. एक कडवं, दोन कडवी, पाच. हातात काठ्या नाहीत, पायाखाली पेडल नाही, नुसतं बसायचं. दहाव्यात, श्वास तिने बरोबर जागी घेतला तेव्हा, मला राहवलं नाही. मी नुसता हललो, आणि खुर्ची करकरली. लांबलचक.

गाणं संपल्यावर इंजिनियर म्हणाला, "खुर्चीचा आवाज आलाय. पुन्हा घेऊ."

"राहू दे," हेस्टर म्हणाली.

"राहू दे," नेव्हिल म्हणाला.

पर्सी काठी टेकत उठला. माझ्या खांद्यावर हात ठेवून भार दिला, जरा जास्तच दिला. "मला उत्तर मिळालं," म्हणाला. "चल, जेवायला वाढलंय."

ती करकर अजून आहे रेकॉर्डवर. ऐकणाऱ्यांना ती नांगराची वाटते.